शेजारच्या कोनाड्यातलं प्रस्थान

आमच्या आईचं प्रस्थान शेजारच्या शिंपीणकाकूंच्या घरी अकरा महिने पडून होतं. त्यातल्या तांदळाला जाळी धरली, किडे वळवळायला लागले, तेव्हा कुठे आमचं घर हललं.

हा प्रकार आता फारसा कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. प्रवासाला चांगली वेळ सोमवारी असली आणि निघणं मात्र गुरुवारीच जमणार असलं, तर सोमवारी त्या वेळेवर मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण घर सोडलं, असं धरायचं. मग गुरुवारी जाताना पुरचुंडी उचलायची आणि चालू लागायचं. लहानपणी मला या युक्तीची गंमत वाटायची. आता प्रस्थान हा शब्द कानावर पडला तरी अंगावर काटा येतो.

बरं, आईला जायचं होतं कुठे? काशीला नव्हे. भोरच्या आमच्या घराच्या परड्यातून जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे, मार्गासनीपासून तासाभराच्या चालीवर माझी मावशी दिली होती. आजी गेल्यावर माहेरच्या घराला कुलूप लागलं आणि या दोघीच बहिणी उरल्या. आजीच्या तेराव्याला भेटल्या त्या भेटल्या, त्यानंतर पाच वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. आईला धाकटीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, दुसरं काही नको होतं. आजीचं एक जुनं हिरवं लुगडं होतं, त्याचा तुकडा फाडून आईनं त्यात प्रस्थान बांधलं होतं. त्या दिवशी ती स्वयंपाक करता करता गुणगुणत होती, हे मला लख्ख आठवतं.

आता आमचे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. भोर संस्थान होतं तेव्हा ते फिरतीचे कारकून होते. साहेब गावोगाव फिरतीला निघाले की कुठल्या गावी किती वाजता पोहोचायचं, कुठे उतरायचं, दूध किती, जळण किती, घोड्याला गवत किती, हे सगळं आबा एका मोठ्या कागदावर रकाने आखून लिहीत. त्याला ते तक्ता म्हणत. संस्थान गेलं, साहेब गेले, आबांना तालुका कचेरीच्या दप्तरखान्यात बसवलं. तिथे कुणाच्याच फिरतीचा तक्ता करायचा नव्हता. संस्थानचे कोरे छापील कागद मात्र त्यांच्या ट्रंकेत गठ्ठाभर होते. मग काय, साहेबाच्या जागी आम्ही आलो. घोड्याच्या जागी आई.

आईच्या या दीड दिवसाच्या प्रवासाचा पहिला तक्ता आबांना तीन आठवडे पुरला. त्यात एस.टी. सुटण्याची वेळ होती, ती चुकली तर पुढची होती, नसरापूर फाट्यावर कोणत्या झाडाखाली बसायचं ते होतं, दशम्या कुठे खायच्या आणि किती खायच्या ते होतं. मला उलटी झाली तर लिंबू कोणत्या पिशवीत, हेसुद्धा होतं. "माणसानं सगळं आधी ठरवावं, म्हणजे वाटेत पंचाईत होत नाही," असं ते म्हणायचे. खरंच होतं ते. वाटेला लागलोच नाही, तर पंचाईत होणार कुठून?

त्यात दिशाशूळ. मावशीचं गाव वायव्येला. रविवारी आणि शुक्रवारी पश्चिमेला जायचं नाही, मंगळवारी आणि बुधवारी उत्तरेला जायचं नाही. वायव्य दोन्हीकडची, म्हणून चारही वार गेले. शनिवार आबांना मुळातच नको असायचा. सोमवारी कचेरीत रजा मिळायची नाही. उरला गुरुवार. परत येताना उलट्या दिशेचं शूळ, म्हणून गुरुवारी जाऊन शुक्रवारीच निघायला हवं. असे गुरुवार वर्षात पुष्कळ येतात. पण एका गुरुवारी अमावस्या, एका गुरुवारी पाऊस, एकदा आबांना पडसं, एकदा मार्गासनीला गाडी पाठवा म्हणून टाकलेल्या कार्डाला उत्तर नाही म्हणून. उत्तर आलं ते गुरुवार उलटल्यावर.

प्रस्थान ठेवलं की दहा दिवसांत निघावं लागतं. आबांनी त्यावरही तोड काढली. नवा मुहूर्त निघाला की ते मला शिंपीणकाकूंकडे पिटाळायचे, पुरचुंडी जागेवरून हलवा म्हणून. कोनाड्यातून फळीवर, फळीवरून उतरंडीपाशी, उतरंडीपासून पुन्हा कोनाड्यात. ती पुरचुंडी त्या वर्षात आमच्यापेक्षा जास्त फिरली. काकू पहिल्यांदा हसायच्या. मग नुसतं बघायच्या. आई दर खेपेला पिशवी भरायची आणि दर खेपेला रिकामी करायची. ती रिकामी होताना बघून मला त्या पिशवीचाच राग यायचा.

शेवटी एका सकाळी शिंपीणकाकू पुरचुंडी चिमटीत धरून आमच्या दारात आल्या. "भावजी, ह्ये तुमचं परस्थान. माज्या डाळीच्या डब्यातबी किडं शिरलं. येक तर जावा, न्हाईतर ह्ये माघारी घ्या."

आबा दोन पावलं मागे सरकले. "अहो, प्रस्थान परत आणायचं नसतं! घरात आणू नका!"

मला पुढे केलं गेलं. ओट्याच्या कडेला बसून मी ती गाठ सोडली. तांदळाचे लगदे झाले होते, त्यातून काळे किडे माझ्या बोटांवर चढले, आणि जो कुबट वास आला तो दिवसभर हाताला राहिला. तीनदा राखेनं हात घासले तरी जेवताना घास जाईना. आईनं फडकं तेवढं धुऊन वाळवलं, नवे तांदूळ बांधले आणि काकूंची माफी मागून पुन्हा त्यांच्या कोनाड्यात ठेवलं. आळीत शोभा झाली म्हणून असेल, पण त्या आठवड्यातला गुरुवार आबांनी मोडला नाही. मावशीला कार्ड गेलं. सातवं. "येत्या गुरुवारी सायंकाळी पाच वाजता पोहोचू. मार्गासनीस गाडी पाठवावी."

त्या गुरुवारी आम्ही खरोखर निघालो. आबा यादी हातात धरून एकेक वस्तू मोजत होते. एकेचाळीस वस्तू होत्या, एकेचाळीस भरल्या. एस.टी. गावाबाहेर पडली आणि आई एकदम म्हणाली, "अवो, परस्थान?"

ते यादीत नव्हतं. ते आमच्या घरात नव्हतंच, म्हणून यादीत नव्हतं. अकरा महिने ज्याच्या जिवावर आम्ही निघालेले होतो, ते कोनाड्यातच राहिलं. आबांचा चेहरा पांढरा पडला. पण निघाल्यावर मागे फिरायचं नसतं, हाही नियमच. मग ते रुमालानं तोंड पुसत राहिले. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नसरापूर फाट्याला आम्ही तीन तास धुळीत बसून होतो, कारण तक्त्यात पंचाईतीसाठी तीन तास राखून ठेवले होते आणि पंचाईत आलीच नाही. दशम्या ठरलेल्या वेळी खाल्ल्या, भूक नव्हती तरी. मार्गासनीला उतरलो तर गाडी नाही. आबा तक्त्याकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीनं बघत उभे राहिले. आईनं पिशव्या उचलल्या आणि चालायला लागली. इतकी भराभर चालली की मला पळावं लागलं.

मावशीच्या दारात तिचे यजमान बैलांना वैरण घालत होते. आम्हाला बघून त्यांच्या हातातला कडबा तसाच राहिला.

"आवं, तुमी हितं? ती तर भोरला गेली. तुमच्याकडंच!"

आई पिशव्यांसकट उभी राहिली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. सहा वेळा कार्ड आलं, सहा वेळा यांनी गाडी जुंपून मार्गासनीला नेली आणि रिकामी आणली. सातवं कार्ड शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. त्याच दिवशी डोंगरावरच्या पाड्यातले धनगर मेंढरं घेऊन भोरच्या बाजूला उतरणार असं कळलं, सोबत मिळाली. मावशी म्हणाली, "कार्डावर गुरुवार लिवलाय न्हवं? मग गुरुवारी आक्का घरातच गावंल." भाकरी बांधली आणि पहाटेच निघून गेली.

मी हसले. तेरा वर्षांच्या पोरीला ते भयंकर विनोदी वाटलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू तिथल्या तिथे विझलं.

"उद्या सांजच्याला यील की ती," यजमान म्हणाले. "घर बंद बगून कशाला ऱ्हाईल? ऱ्हावा तुमी."

आईनं दुसऱ्या कुणासमोर आबांकडे कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "उद्याचा दिस ऱ्हाऊ या. येवडंच. सांजच्याला तिला बगते, मग तुमी म्हनाल तवा निघू."

आबांनी तक्ता उघडला. खरंच उघडला, त्या अंगणात, त्या माणसासमोर. शुक्रवार गेला की शनिवारी पूर्वेचं शूळ, म्हणजे रविवार, आणि शनिवारी तर कचेरी. रजा एकाच दिवसाची आणि शुक्रवारी सकाळची अर्धी. "परतीचा दिवस शुक्रवारच धरलाय," ते म्हणाले.

"मग मला ठिवून तुमी दोघं जावा."

"आणि तुला परत कोण आणणार? त्याची काहीच व्यवस्था नाही."

ते ओरडले नाहीत. आबा कधीच ओरडत नसत, आईवर हातही टाकला नाही कधी. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. मी त्या क्षणी त्यांचा जो तिटकारा केला, तो पुढे कितीतरी वर्षं पुसला गेला नाही. त्या कागदाच्या पाठीवर नाहीशा झालेल्या संस्थानचा छाप होता आणि त्यावरून आमच्या आईचा दिवस ठरत होता.

सकाळी आईनं बहिणीचं पाणी भरलं, चूल सारवली, तिचं दोरीवर वाळत टाकलेलं लुगडं घडी घालून ठेवलं. मावशीची सासू अंथरुणातून बघत होती. आईनं तिच्या पाया पडून मावशीसाठी आणलेला खण तिच्या उशाशी ठेवला. मग आम्ही निघालो. फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना आई डोंगराकडे तोंड करून बसली होती. त्याच वेळी मावशी त्याच डोंगरावरून माघारी येत असणार, हे तिलाही कळत होतं, मलाही. आबांना कळत होतं की नाही, कोण जाणे.

घरी पोहोचलो तर शिंपीणकाकू वाटच बघत होत्या. मावशी आदल्या दिवशी दुपारी आली, कुलूप बघून आधी पोट धरून हसली आणि मग आमच्या पायरीवर बसून रडली. काकूंनी तिला जेवू घातलं, ठेवून घेतलं. सकाळी निघताना तिची नजर कोनाड्याकडे गेली. हिरवं फडकं तिनं लांबूनच ओळखलं. "ह्ये आमच्या आईचं लुगडं," म्हणाली. काकूंनी काय ते सांगितलं. तेव्हा तिनं पुरचुंडी ओटीत घेतली. "आक्का न्हाई गावली. तिचं परस्थान तरी नेते."

आई ऐकत उभी होती. मग तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि चूल पेटवायला गेली. त्यानंतर कुणी विचारलं की ती हसून सांगायची, "माजं परस्थान पोचलंय. आता म्या तेवडी जायाची ऱ्हायले."

आबांनी पुढच्याच आठवड्यात नवा तक्ता करायला घेतला. आईनं तो बघितलासुद्धा नाही. मावशीची सासू पुढे पार अंथरुणाला खिळली आणि तिला घर सोडता येईना. निरोप तेवढे धनगरांबरोबर यायचे, जायचे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी आबांना नावं ठेवायला बसले आहे. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

मी सातवीची फायनल पास झाले आणि किकवीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. घर सोडलं त्या दिवशी एक पण केला, की आयुष्यात यादी करायची नाही. वार बघायचा नाही, वेळ बघायची नाही. मनात आलं की उठायचं आणि हमरस्त्यावर येऊन जी गाडी थांबेल तिच्यात बसायचं. शाळेतल्या दोघी बाई माझ्यासारख्याच होत्या. अशाच उठून आम्ही वाईला गेलो, पुण्याला जाऊन सिनेमा पाहिला, एकदा पावसात भिजत शिरवळपर्यंत चालत गेलो. ते दिवस मोठे मोकळे होते. भोरलाही मी अशीच जायची, न कळवता. पंधरा दिवसांत दोनदा, नाहीतर दोन महिन्यांत एकदाही नाही.

आईनं मला एकदाच विचारलं. "मला धाकटीकडं नेशील का?"

"नेईन की! त्यात काय एवढं! कुठल्याही दिवशी उठू आणि निघू."

"कंच्या दिवशी?"

"आई, तू पण आबांसारखी तारीख मागायला लागलीस?"

ती ओशाळली. पुन्हा तिनं दिवस विचारला नाही. मी गेले की नुसती माझ्या तोंडाकडे बघायची, आज म्हणते का उद्या म्हणते. मी कधी दमलेली असायची, कधी ऊन फार असायचं, कधी नुसतंच मनात यायचं नाही. त्या बघण्याचा अर्थ मला कळत नव्हता असं म्हणायची सोय नाही. कळत होता.

एका हिवाळ्यात आम्ही तिघी अशाच अचानक राजगडाला गेलो. मार्गासनीला उतरलो, तिथून चालत. मावशीच्या गावाची वाट जिथे फुटते, तिथे बसून आम्ही पेरू खाल्ले. पुढे भोरला गेले तेव्हा गडाच्या गप्पा मारत होते. आई मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "धाकटीकडं डोकावलीस?"

"नाही गं. तसं ठरलं नव्हतं."

हे मी बोलले. माझ्या तोंडचं वाक्य आहे. आबा पलीकडे पंचांग बघत बसले होते, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होते. सकाळी पाड्यावरचा एक धनगर दारात आला, खांद्यावरचं घोंगडं काढून हातात घेतलं. मावशी तापानं गेली होती, आदल्या दिवशी.

मयताला मुहूर्त नसतो, शूळ नसतं. आबा चहा टाकून उठले आणि आम्ही घराबाहेर पडलो तेव्हा तो चहा निवलाही नसेल. वार मंगळवार होता. पिशवी नाही, पाणी नाही, यादी नाही. ज्या माणसाला टोपीशिवाय परड्यात जाताना मी पाहिलं नव्हतं, तो बोडक्या डोक्यानं पुढे चालत होता. भाटघर धरणाचं पाणी आटलेलं होतं, नावेपर्यंत चिखलातून जावं लागलं. मग चढ, वर पाडा, पलीकडे उतार. दुपार कलली नव्हती तेव्हा आम्ही मावशीच्या दारात होतो. एवढीच वाट होती. मला आबांचा वीट आला आणि त्याहून माझा आला. एवढंच करायचं होतं, आणि दोघांपैकी एकानंही ते केलं नव्हतं.

सगळं आटोपलेलं होतं. आई बहिणीच्या चुलीपाशी जाऊन बसली. मावशीचे यजमान आत गेले आणि कोनाड्यातून हिरवी पुरचुंडी घेऊन आले. फडकं विरलं होतं, पण स्वच्छ धुतलेलं होतं.

"भात झोडपला की दर साली तांदूळ बदलायची," ते म्हणाले. "जुनं काडायची, नवं बांदायची. म्हनायची, आक्का कवाबी यील, किडलेलं कसं द्याचं तिच्या हातात?"

आईनं गाठ सोडली. एक किडा नव्हता. यंदाचा आंबेमोहोर होता, त्याचा वास त्या घरात पसरला. तिनं मूठ नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली. "बग, कसा वास हाय."

किड्यांनी भरलेली ती पहिली पुरचुंडी सोडताना मला इतकी शिसारी आली नव्हती. मी तोंड फिरवलं. दारात आबा बोडक्यानं उभे होते. आईनं मूठ तशीच धरून ठेवली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तांदूळ परत फडक्यात बांधले.